अभावाचे वाचन : एका दुर्मीळ अस्थिरोगाच्या अभ्यासावरून

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हाडांच्या एका रोगाची हकिकत मांडताना संकोच वाटतो. वैद्यकातली एखादी गोष्ट उचलायची, तिला रूपकाचा मुलामा द्यायचा आणि समीक्षा म्हणून पुढे करायची, ही रीत आपल्याकडे आता पुरेशी रुळली आहे. आम्हाला तसे करायचे नाही. आमचा मुद्दा पद्धतीचा आहे. ‘संहितेतील मौन’, ‘रिक्त जागा’, ‘अनुपस्थिती’ हे शब्द गेली काही दशके मराठी समीक्षेत, आणि त्याहूनही अधिक आपल्या विद्यापीठीय प्रबंधांत, सढळ हाताने वापरले जात आहेत. काय आहे यापेक्षा काय नाही ते वाचणे ही प्रगल्भतेची खूण मानली जाते. पण हे ‘नाही’ वाचायचे कसे, कोणत्या अटींवर, आणि वाचन फसले तर त्याची किंमत कोण देतो, याची चर्चा क्वचितच होते. ज्या ज्ञानशाखेत हा प्रश्न अक्षरशः जिवावरचा ठरला तिथे तो कसा हाताळला गेला, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

मुडदूस हा शब्द मराठी वाचकाला परिचित आहे. ड जीवनसत्त्व मिळाले नाही की मुलांची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. मुडदुशात रक्ताची तपासणी केली तर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर वाढलेले आढळते. हाडे घडवणाऱ्या पेशी कच्च्या मालावाचून अडलेल्या असतात आणि जणू दुप्पट जोराने काम करू पाहतात. त्या धडपडीची ही खूण. १९४८ साली जॉन रॅथबन या कॅनेडियन बालरोगतज्ज्ञाने एका अर्भकाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलाची हाडे तीव्र मुडदुशासारखी होती, वजन घटत होते, त्याला आकडी येत होती, आणि ते दगावले. मात्र जे विकर वाढलेले असायला हवे ते त्याच्या रक्तात, हाडांत आणि इतर ऊतींत विलक्षण कमी होते. चित्र मुडदुशाचे होते, पण त्या चित्रात अपेक्षित असलेली एक गोष्ट तिथे नव्हती. रॅथबनने या रोगाला ‘हायपोफॉस्फटेशिया’ असे नाव दिले. फॉस्फटेजची उणीव एवढाच त्या शब्दाचा अर्थ. दुखण्याचे वर्णन नाही, अवयवाचा उल्लेख नाही, रोग्याचे वा शोधकाचे नाव नाही. जे आढळले नाही त्याचेच नाव रोगाला मिळाले.

ही नोंद शक्य झाली त्याला एक पूर्वपीठिका होती. १९२३ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट रॉबिसन यांनी वाढत्या हाडांत आणि कूर्चेत फॉस्फेट सुटे करणारे विकर विपुल असते असे दाखवले होते आणि हाडे टणक होण्यात त्याचा वाटा असावा असा तर्क मांडला होता. या विकराने फॉस्फेट सुटे करावे, त्याची त्या जागी रेलचेल व्हावी आणि मग खनिजाचे स्फटिक जमावेत, अशी त्यांची कल्पना. पंचवीस वर्षांनी रॅथबनच्या रुग्णाने विकर आवश्यकच आहे हे सिद्ध केले, पण कारण मात्र रॉबिसन यांनी सांगितलेले निघाले नाही. या रोग्यांच्या रक्तात फॉस्फेट कमी नसते आणि कॅल्शियमही कमी नसते. तान्ह्या मुलांत तर कॅल्शियम अनेकदा वाढलेले असते. माल भरपूर आणि बांधकाम ठप्प.

या कोड्याची उकल दुसरीकडून झाली. बॉयलरमध्ये आणि नळांत क्षारांचे थर साचू नयेत म्हणून पाण्यात पॉलिफॉस्फेटे मिसळण्याची कारखान्यांत जुनी प्रथा होती. १९६०च्या दशकात हर्बर्ट फ्लाइश, ग्रॅहम रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातले पायरोफॉस्फेट माणसाच्या शरीरातही असते आणि ते कॅल्शियमचे स्फटिक वाढू देत नाही, हे दाखवून दिले. १९६५ मध्ये रसेल यांनी हायपोफॉस्फटेशियाच्या रोग्यांच्या लघवीत पायरोफॉस्फेट जास्त आढळल्याचे नोंदवले. आता चित्र पालटले. विकराचे मुख्य काम नवे काही आणून देण्याचे नव्हते. अडसर दूर करण्याचे होते. विकर नाही म्हणून पायरोफॉस्फेट साचते, आणि ते साचते म्हणून खनिज बसत नाही. अभावाच्या मागे एक अतिरेक दडलेला होता. हायपोफॉस्फटेशियाच्या अभ्यासातली ही पायरी आम्हाला फार मोलाची वाटते, कारण ‘अमुक नाही’ एवढे सांगून संशोधन थांबले नाही. ते नसल्यामुळे त्या जागी काय जमा झाले, हा पुढचा प्रश्न विचारला गेला.

आकडीचे कारण कळायला तर सदतीस वर्षे लागली. १९८५ मध्ये मायकेल व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोग्यांच्या रक्तात ब-६ जीवनसत्त्वाचे एक रूप खूप वाढलेले असते हे दाखवले. फॉस्फेटची गाठ सोडवल्याशिवाय हे जीवनसत्त्व पेशीच्या आत शिरू शकत नाही. रक्तात त्याचा पूर असतो आणि मेंदूत मात्र दुष्काळ पडतो. रॅथबनने एकाच बिछान्यावर पाहिलेली मऊ हाडे आणि आकडी यांचे मूळ एकच होते. त्याला ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता, तरी त्याने दोन्ही लक्षणे लिहून ठेवली होती. ज्या तपशिलाचा अर्थ आज लागत नाही तो गाळायचा नाही, हा संहिता-संपादनाचा पहिला नियम आहे, आणि चांगल्या रुग्णवृत्तान्ताचाही तोच आहे.

१९८८ मध्ये या विकराच्या जनुकातले पहिले उत्परिवर्तन सापडले. ते पहिल्या गुणसूत्रावर आहे, आणि आज त्याचे चारशेहून अधिक सदोष पाठ ज्ञात आहेत. ‘पाठ’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, पण त्याचा फार विस्तार करणार नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, पाठभेदानुसार रोगाची तीव्रता कमालीची बदलते. एका टोकाला गर्भातच हाडे न बनलेले मूल असते, तर दुसऱ्या टोकाला केवळ दातांची तक्रार असलेला, एरवी धडधाकट माणूस. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातील मेनोनाइट लोकांत या रोगाचे घातक रूप सुमारे अडीच हजार जन्मांमागे एकदा दिसते आणि दर पंचवीस माणसांत एकजण सदोष जनुकाचा वाहक असतो. एकोणिसाव्या शतकात दक्षिण रशियातून आलेल्या, बाहेर सहसा लग्न न करणाऱ्या एका छोट्या समाजात एकच जुना दोष कसा पसरत गेला याचे हे उदाहरण आहे. जातीतच सोयरीक करणाऱ्या आपल्या समाजाने त्याकडे कुतूहलाने पाहून सोडून द्यावे असे ते नाही.

दातांविषयी थोडे थांबून सांगायला हवे. दुधाचा दात पडायची वेळ आली की त्याचे मूळ आतल्या आत झिजून गेलेले असते. हातात येते ते केवळ वरचे टोपण. कौलावर फेकल्या जाणाऱ्या इवल्या दाताला मूळ नसते हे कोणत्याही आजीला माहीत असते. हायपोफॉस्फटेशियात दात पाच वर्षांच्या आतच, बहुधा पुढचे आधी, पडतात, आणि पडतात ते सगळ्या मुळासकट. दातमुळावरचा सिमेंटम नावाचा पातळ थर नीट तयार झालेला नसतो, त्यामुळे दाताला हिरडीतील हाडाशी बांधून ठेवणारे धागे पकड घेऊ शकत नाहीत. दुखत नाही, फारसे रक्त येत नाही. घरचे म्हणतात, लवकर पडला, एवढेच. त्या लांबट, अखंड मुळाकडे कोणी पाहिले तरच निदान होते. म्हणजे इथे काही नसण्याची खूण ही काहीतरी असणे आहे : जे झिजायला हवे होते ते झिजलेले नाही.

आता आम्ही ज्यासाठी हा प्रपंच मांडला त्या प्रश्नाकडे येतो. न दिसणे हे ज्ञानाचे साधन होऊ शकते का? आपल्या परंपरेत हा वाद फार जुना आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत आणि पुढे अद्वैत वेदान्तात ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. जमिनीवर घट नाही हे आपल्याला कळते ते घट उपलब्ध न होण्यावरून. प्रभाकरांना ते मान्य नाही. नैयायिक अभाव हा पदार्थ मानतात, पण त्याचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते म्हणतात. या वादात पडण्याचे इथे कारण नाही. आपल्या कामाची आहे ती अनुपलब्धीला घातलेली अट. कोणतीही अनुपलब्धी चालत नाही. ती ‘योग्य’ असावी लागते. घट तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच तो न दिसण्याला अर्थ आहे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. १८९२ सालच्या शेरलॉक होम्सच्या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही यावरून चोर ओळखीचा असल्याचे अनुमान निघते, तेही याच अटीवर : परका माणूस आला तर कुत्रा भुंकतो, हे आधी ठाऊक असते.

हायपोफॉस्फटेशियाचे निदान पुढे अनेकदा हुकले ते या अटीपाशीच, आणि ते दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी. पहिला प्रकार म्हणजे असलेला अभाव न दिसणे. यकृताच्या वा हाडांच्या विकारांत हे विकर वाढते, म्हणून वैद्यकाची नजर वाढलेल्या आकड्याकडे लागलेली असते. कमी आकडा म्हणजे चांगलेच, असे समजून तो नजरेआड होतो. शिवाय वाढत्या मुलांत हे विकर प्रौढांच्या कितीतरी पट असते. मुलाच्या अहवालावर प्रौढांची मर्यादा छापली तर त्याचा कमी आकडा अगदी ‘सामान्य’ दिसतो. काय असायला हवे होते हेच ठाऊक नसेल तर काय नाही ते कसे कळणार?

दुसरा प्रकार नसलेला अभाव दिसण्याचा. कुपोषण, जस्त किंवा मॅग्नेशियमची उणीव, थायरॉइडची मंदता अशा कारणांनीही हे विकर घटते. एवढेच नव्हे, रक्त ज्या नळीत घेतले तिच्यात ते गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असेल तर ते विकराला लागणारे धातूच बांधून टाकते आणि आकडा खोटाच खाली येतो. उणीव रोग्यात नसते, नळीत असते.

साहित्याच्या अभ्यासात हे दोन्ही दोष जसेच्या तसे आढळतात. दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण ताराबाई शिंदे यांचे आहे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले, १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची बाजूही घेतली, तरी पुढे ते इतके विस्मरणात गेले की स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाचकाला ते जवळजवळ नव्हतेच. त्या मधल्या काळात एकोणिसाव्या शतकातल्या मराठी स्त्रीने पुरुषसत्तेवर असे शस्त्र उगारले नव्हते असे कोणी म्हटले असते, तर ते कपाटे पाहून केलेले विधान ठरले असते. उणीव साहित्यात नव्हती, नळीत होती. तसेच ओवीचे. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ, लेक, माहेर यांची नावे घेऊन आळवणी होते आणि नवऱ्याचे नाव फारसे येत नाही, यावरून दांपत्यप्रेमाच्या अभावाचा निष्कर्ष काढायला विद्यार्थ्याला वेळ लागत नाही. पण नवऱ्याचे नाव उच्चारायचेच नाही ही ज्या समाजाची रीत होती, तिथे ते न आढळणे ही ‘योग्य’ अनुपलब्धी नव्हे. असते तर दिसलेच असते, असे म्हणता येत नाही.

उलट अभाव अचूक कसा वाचावा याचा वस्तुपाठही आपल्याकडे आहे. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेसाठी न्या. रानडे यांच्याकडून आलेले निमंत्रण फुल्यांनी नाकारले. त्या पत्राचा आशय असा की, जे इतरांना माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या ग्रंथांतील भावार्थाशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही. त्या ग्रंथांत काय नाही हे फुल्यांना दिसले, कारण तिथे काय असायला हवे होते ते त्यांना शेतात, वस्त्यांत आणि शाळांत ठाऊक झाले होते. सभेतल्या विद्वानांना ते दिसले नाही, कारण त्यांच्या हातातली मोजपट्टी त्यांच्याच ग्रंथांवरून तयार झाली होती. मुलाचा अहवाल प्रौढांच्या मर्यादेवर तपासावा तसे ते झाले. मौन वाचण्याचा अधिकार सिद्धान्त पाठ करून मिळत नाही. संहितेबाहेरचे जग संहितेपेक्षा अधिक नेमकेपणाने जाणल्याशिवाय तिचे मौन ऐकू येत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. सुझन सोंटाग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या पुस्तकातून आजाराला रूपक करण्याविरुद्ध जो इशारा दिला, तो आम्हीच मोडत आहोत, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, हायपोफॉस्फटेशिया हे आमच्या दृष्टीने कशाचेही प्रतीक नाही. ठिसूळ हाडे ही संस्कृतीची वा भाषेची ठिसूळता नव्हे. आम्ही तुलना करतो आहोत ती दोन वाचनपद्धतींची. आणि त्यांच्यातला एक फरक मुळीच झाकायचा नाही : आमचे वाचन फसले तर एक प्रबंध फसतो; तिथे वाचन फसले तर माणसाचे हाड मोडते.

ते कसे मोडते हे सांगणे भाग आहे. पायरोफॉस्फेटच्या ज्या अभ्यासाने या रोगाचे कोडे सुटायला मदत झाली, त्याच अभ्यासातून बिस्फॉस्फोनेट ही औषधे निघाली. पायरोफॉस्फेटच्या रचनेत मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवला की कोणतेही विकर तोडू शकणार नाही असा रेणू मिळतो. तो हाडांची झीज थांबवतो. जगभरच्या असंख्य वृद्धांना त्याचा लाभ झाला आहे. पण प्रौढ वयात प्रकटलेला हायपोफॉस्फटेशिया हाडांच्या सामान्य विरळपणासारखा दिसतो. रक्तातला कमी आकडा कोणी वाचला नाही, तर ज्या रोग्याच्या शरीरात पायरोफॉस्फेट आधीच साचलेले आहे त्यालाच त्याचा न तुटणारा भाऊबंद औषध म्हणून दिला जातो. अशा रोग्यांत मांडीच्या हाडाचे विचित्र अस्थिभंग झाल्याच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अर्भकांच्या बाबतीत ‘मुडदूस’ हा ओळखीचा शब्दच घात करू शकतो : मुडदूस म्हटले की ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आले, आणि ज्या बाळाच्या रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेले आहे त्याला ते अपायकारक ठरू शकते. नाव जवळ असल्याने विचार थांबतो, याहून स्पष्ट उदाहरण भाषेच्या शिक्षकाला कुठे मिळेल?

उपचाराचा इतिहासही बोधप्रद आहे. विकर नाही, तर ते बाहेरून द्यावे, ही कल्पना साधी होती. पॅजेट रोगात हे विकर रक्तात भरपूर असते, म्हणून १९८०च्या दशकात त्या रोग्यांचा रक्तद्रव या बाळांना देऊन पाहिला गेला. रक्तातला आकडा सुधारला, हाडे मात्र फारशी सुधारली नाहीत. विकर रक्तात असून भागत नाही. ते हाडावर असावे लागते. म्हणून पुढे दहा अ‍ॅस्पार्टिक आम्लांची एक शेपटी जोडून, हाडाला जाऊन चिकटेल असे विकर घडवले गेले. २०१२ मध्ये अकरा अत्यवस्थ बालकांवरील उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेकांच्या हाडांत खनिज भरू लागल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसले. २०१५ मध्ये आस्फोटेज अल्फा या नावाने जपान, युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. औषध आठवड्यातून अनेकदा टोचून घ्यावे लागते आणि अतिशय महाग आहे. सामान्य भारतीय कुटुंबाच्या ते आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा इथे निदान म्हणजे सुटका नव्हे. पण निदान झाले तर निदान चुकीचे औषध टळते, पुढच्या मुलाच्या वेळी आईबापांना सावध होता येते, आणि ‘तुमच्याच हयगयीने पोराची हाडे अशी झाली’ हा आईवर ठेवला जाणारा ठपका खोटा ठरतो. हे थोडे नाही.

आमची सूचना छोटी आहे. एम.ए.च्या संशोधनपद्धतीच्या तासाला मौन आणि अनुपस्थिती यांवरचे पाश्चात्त्य सिद्धान्त शिकवले जातात ते शिकवावेतच. पण त्यांच्या जोडीने अनुपलब्धीच्या अटीची चर्चा व्हावी, आणि अभावाची नोंद नीट कशी करतात याचा नमुना म्हणून एखादा जुना रुग्णवृत्तान्त वाचून दाखवावा. विद्यार्थ्याने ‘या कादंबरीत अमुक नाही’ असे लिहिले की त्याला तीन प्रश्न विचारावेत. ते तिथे असायला हवे होते असे तू कशावरून म्हणतोस? ते खरोखरच नाही, की तुझ्या हातातल्या आवृत्तीत, ग्रंथालयात वा वाचनात नाही? आणि ते नसल्यामुळे त्या जागी काय साचले आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली नाहीत तर ते वाक्य खोडावे. तिसऱ्याचे उत्तर मिळाले तर प्रबंध तिथून सुरू करावा.